दम्याचा पंप आणि अर्ध्या लिटरची बाटली

"डॉक्टर, पंप घेतो पण गुण येत नाही," ही दम्याच्या रुग्णांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. पंप दाबला की औषधाचा फवारा अतिशय वेगाने बाहेर पडतो आणि त्याच क्षणी श्वास आत ओढावा लागतो. हे मोठ्यांनाही साधत नाही. मग धाप लागलेल्या सात वर्षांच्या मुलाला कसे साधावे? बरेचसे औषध जिभेवर व घशात बसते, फुप्फुसापर्यंत थोडेच पोहोचते.

यावर उपाय स्पेसरचा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचे पोकळ नळकांडे. फवारा त्यात थांबतो, मूल आपल्या गतीने श्वास घेते. औषधाच्या दुकानात स्पेसर मिळतो. मिळाला तर तोच घ्यावा. पण हाताशी नसेल तेव्हा पाण्याची वा शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली हे काम करते.

हा निव्वळ घरगुती तर्क नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. हेदर झार व सहकाऱ्यांनी दम्याचा झटका आलेल्या ८८ मुलांवर याची तपासणी केली. ती १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फटी बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. फटी उघड्या ठेवलेली बाटली त्याहून कमी आणि थर्माकोलचा पेला सर्वांत कमी. कागदाचा द्रोण किंवा पेला वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाटली धुऊन वाळवा. पंपाच्या तोंडाच्या मापाने तार वाकवून तापवा व बाटलीच्या बुडाला तेवढेच भोक पाडा. हे काम मोठ्या माणसाने, उघड्यावर करावे. आतले प्लास्टिकचे तुकडे झटकून काढा. भोकात पंप घट्ट बसवून भोवतालची फट चिकटपट्टीने बंद करा. नव्या प्लास्टिकला औषध चिकटते, म्हणून भांडी धुण्याच्या साबणाचे थोडे पाणी आत फिरवून बाटली न पुसता वाळू द्यावी.

पंप हलवून घ्या. बाटलीचे तोंड मुलाने ओठांत घट्ट धरावे. एकच फवारा मारा आणि बाटलीतूनच चार ते सहा वेळा सावकाश श्वास घेऊ द्या. दुसरा फवारा त्यानंतर, पंप पुन्हा हलवून. दोन्ही एकदम मारले तर औषध वाया जाते. किती फवारे, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले असावे. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून टाकावी.

कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राला ही बाटली लावू नये. ते भुकटीचे औषध असते, त्याची रीत वेगळी. साधारण चार वर्षांखालील मुलांना ओठ आवळून धरता येत नाहीत, त्यांना मास्कचा स्पेसरच हवा. "पंपाची सवय लागते" म्हणून रोजचा पंप बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. ही समजूत चुकीची आहे. झटके त्यामुळेच वाढतात.

मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा फवाऱ्यांनी उतार पडत नसेल, तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाटलीतून औषध देणे चालू ठेवावे.