‘व्हॅल्यू’ : शब्दाचा उगम आणि त्याचे अर्थ

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात ‘व्हॅल्यू’ हा इंग्रजी शब्द अर्थशास्त्र, गणित आणि नीतिशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांत भेटतो. मराठीत त्यासाठी कोठे ‘मूल्य’, तर कोठे ‘किंमत’ हा शब्द योजला जातो. या अर्थांची सरमिसळ झाल्यास उत्तर चुकते. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

उगम

लॅटिनमधील ‘वालेरे’ या क्रियापदाचा अर्थ बलवान असणे, सुदृढ असणे, योग्यतेचे असणे असा आहे. त्यापासून प्राचीन फ्रेंचमार्गे हा शब्द सुमारे 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘व्हॅलिड’ (ग्राह्य), ‘इक्विव्हॅलंट’ (समतुल्य) आणि रसायनशास्त्रातील ‘व्हॅलन्सी’ (संयुजा) हे शब्द त्याच कुळातील होत. मराठीतील ‘मूल्य’ संस्कृत ‘मूल’ या शब्दापासून बनला आहे, तर ‘किंमत’ अरबीतून फारसीमार्गे आला आहे.

उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य

अॅडम स्मिथ यांनी 1776 मधील आपल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले. पाण्याचे उपयोगमूल्य फार मोठे, पण विनिमयमूल्य अल्प. हिऱ्याची स्थिती याच्या उलट. या विरोधाभासाचा उलगडा 1870 च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांच्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताने झाला. किंमत एकूण उपयोगितेवर नव्हे, तर शेवटच्या नगापासून मिळणाऱ्या उपयोगितेवर अवलंबून असते. पाणी विपुल असल्याने त्याच्या आणखी एका पेल्याची उपयोगिता कमी असते. हिरे दुर्मिळ असल्याने ती अधिक असते.

मूल्यवर्धन

शेतकऱ्याने 100 रुपयांचा गहू विकला, गिरणीमालकाने त्याचे 140 रुपयांचे पीठ केले आणि बेकरीने त्या पिठाचा 200 रुपयांचा पाव विकला, असे समजू. इतर खर्च नाही असे धरल्यास मूल्यवर्धन 100, 40 व 60 मिळून 200 रुपये होते. तिन्ही विक्रींची बेरीज 440 रुपये होईल; पण तीत गव्हाची गणना तीनदा व गिरणीतील मूल्यवर्धनाची दोनदा होते. ही दुहेरी गणना टाळणे हेच सकल मूल्यवर्धनाच्या संकल्पनेचे प्रयोजन आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत 1 एप्रिल 2005 पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर याच तत्त्वावर आधारित होता. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराने त्याची जागा बहुतांशी घेतली. तोही मूल्यवर्धनावरच आकारला जातो.

किंमत नसलेले मूल्य

बाजारात किंमत नसलेल्या सर्वच गोष्टी मूल्यहीन नसतात. घरच्या वापरासाठी पिकविलेले धान्य राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. मात्र विनावेतन केलेला स्वयंपाक, बालसंगोपन व रुग्णशुश्रूषा धरली जात नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. हे श्रम थांबले, तर मोजले जाणारे उत्पादनही अडखळेल.

नीतिशास्त्रात ‘मूल्ये’ हा अनेकवचनी शब्द याच व्यापक अर्थाने येतो. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना किंमत नाही. परंतु सर्व धोरणांचे माप त्यांनीच घ्यावयाचे असते. म्हणून उत्तर लिहिताना ‘व्हॅल्यू’ कोणत्या अर्थाने विचारली आहे, हे विद्यार्थ्यांनी प्रथम निश्चित करावे.