बारशाला आत्या हवी

पोरी,

परवा ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत तू हातांनी सांगत होतीस आणि मी बघत होते. भावाला मुलगी झाली, पुढच्या रविवारी बारसं, हॉल घेतलाय, दीडशे माणसं येणार. आणि तुला जायचं नाही. तिथे काही कळत नाही, नुसती हसत बसते, घरी आल्यावर डोकं ठणकतं, असं म्हणालीस. तेवढ्यात माझं स्टेशन आलं आणि उत्तर राहून गेलं. आपल्या दिव्यांग डब्यात कुणी "हात आवर" म्हणत नाही हे मोठं सुख, पण वेळ अपुरा पडतो. म्हणून लिहून देते. लोक याला कानमंत्र म्हणतात. आपल्यात तो कागदावरच नीट पोचतो.

'जायलाच हवं' असं मी म्हणणार नाही. पंचविशीपर्यंत मी प्रत्येक कार्याला गेले, कारण आई म्हणायची, नाही गेलं तर लोक नावं ठेवतात. मग एका प्रसंगानंतर मन असं उडालं की सात-आठ वर्षं कुठेच गेले नाही. आज वाटतं, दोन्ही वेळा मी काही ठरवलंच नव्हतं. आधी आईनं ठरवलं, नंतर माझ्या दुखावलेल्या मनानं. ठरवायचं तर प्रत्येक आमंत्रण वेगळं हातात घेऊन बघावं लागतं.

तेव्हा मी स्वतःला एकच विचारते: तिथे माझ्या जागी दुसरं कुणी चालेल का? ऑफिसातल्या साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन, सहाशे पाहुणे, स्टेजसमोर रांग, डीजे. तिथे कुणीही चालतं, म्हणून मी जात नाही. आठ दिवस आधी मेसेज टाकते, की गोंगाटाचा मला त्रास होतो, त्या दिवशी येणार नाही, पंधरा दिवसांनी सूनबाईंना भेटायला घरी येईन. आणि खरंच जाते. चार माणसांत, उजेडात, चहा पिताना ती मुलगी मला जेवढी कळते तेवढी त्या रांगेतल्या कुणालाच कळलेली नसते. 'बरं नाही', 'पाहुणे आलेत' अशी कारणं मात्र देऊ नकोस. खोटं कारण दिलं की खरी अडचण त्यांना कळतच नाही, आणि पुढचं बोलावणंही तसल्याच हॉलचं येतं.

मयताला, दहाव्याला, तेराव्याला जा. इथे मी फार विचार करत नाही. तिथे ऐकू येणाऱ्यांनाही काय बोलावं ते सुचत नसतं. शेजारणीचे यजमान गेले तेव्हा मी दोन तास तिच्याजवळ बसले होते. बायका येत होत्या, बोलत होत्या, जात होत्या. कोण काय बोललं ते तिला आज आठवत नाही. माझा हात तिच्या पाठीवर होता, ते आठवतं.

आता तुझं डोकं ठणकतं त्याबद्दल. ते मनाचे खेळ नाहीत. कानातलं मशीन आवाज मोठा करतं, पण गर्दीतून हवा तोच आवाज वेचून देणं त्याला नीट जमत नाही. बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरतो. शेजारचा पंखा, भांडी, पोरं यांचा तेवढाच राहतो. त्यातून आतल्या कानाच्या बहिरेपणाची एक विचित्र गोष्ट असते, की बारीक आवाज येतच नाही आणि मोठा झाला की एकदम दुखतो. उरलं ते ओठांवरून जुळवायचं. ओठांवर तरी काय दिसतं? बाबा आणि मामा अगदी एकसारखे. पान, बाण, मान एकसारखे. क, ग, घ घशातच राहतात. सात वाजता की साठ माणसं, हे मी आजही लिहून घेते. दर वाक्याला अर्धं कोडं सोडवायचं, आणि ते सुटेपर्यंत माणसं पुढच्या वाक्यावर गेलेली. तीन तास हे केल्यावर कुणाचंही डोकं ठणकेल. म्हणून वेळ मोजून जायचं. माझं माप दीड तासाचं आहे. मध्येच गच्चीवर किंवा बाथरूममध्ये जाते, मशीन काढते, दहा मिनिटं डोळे मिटून उभी राहते. त्याचा कुणाला खुलासा देत नाही.

जायचं ठरलं तर सगळ्यांच्या आधी जा. पाळण्याला फुलं बांधणं चालू असतं तेव्हा हॉल शांत असतो. एकेक माणूस येतो, एकेकाशी समोरासमोर बोलता येतं. गर्दी भरली, माईक सुरू झाला, की तुझं बोलून झालेलं असतं. आणि येणाऱ्यांची नावं भावाकडून आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घे. ओठांवरून कळायला सर्वांत अवघड काय, तर नाव. बाकी शब्द आजूबाजूच्या बोलण्यावरून जुळवता येतात. नावाला तो आधार नसतो.

बसताना पाठीशी भिंत, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. सरळ उठवून दुसऱ्या बाजूला बसव. पंगतीत शेजारचा माणूस फक्त कडेनं दिसतो आणि समोरची रांग वाढप्यांच्या पलीकडे. दोन रांगा जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा धर, तिथे दोन-तीन चेहरे समोर येतात. त्यासाठी वाढप सुरू व्हायच्या आधी जाऊन बसावं लागतं. फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब अ‍ॅप मराठी लिहून दाखवतं, पण गोंगाटात ते आपल्यासारखंच गोंधळतं. फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरायला सांग.

स्वयंपाकघरात कामाला लागावं, असं मला माझ्या आत्यानं शिकवलं होतं. सल्ला अर्धा खरा आहे. शेजारी बसून मोदक वळणारी बाई एकटी असते, जवळ असते, सावकाश बोलते. माझ्या चांगल्या मैत्रिणी अशाच झाल्या. पण मी कित्येक कार्यांत दोनशे-दोनशे पुऱ्या लाटून एकाही माणसाशी न बोलता घरी आले आहे, आणि सगळे म्हणाले, किती गुणी! तसलं गुणीपण नको. तासभर हात लाव, मग खोचलेला पदर सोड आणि बाहेर ये.

बरोबर एक माणूस ठरवून ठेव. त्यानं सगळं सांगत बसायचं नाही, बिचारा जेवेल कधी? फक्त विषय बदलला की सांगायचं: 'आता गावच्या जमिनीवरून चाललंय.' विषय कळला की निम्मं ओठांवरून जुळतं. आणि सगळे हसले, तू विचारलंस, आणि "काही नाही गं, असंच" असं उत्तर आलं, तर तिथल्या तिथे शांतपणे म्हण, "असंच असलं तरी सांग." त्या 'काही नाही'नं आपल्या घरात आपणच पाहुणे होतो. माझ्या माहेरी चाळीस वर्षांच्या जेवणांतलं किती काय मला 'काही नाही' म्हणून मिळालं. आता माझी सून तो शब्द वापरत नाही. तिला एकदाच सांगितलं होतं.

न कळता मान हलवू नकोस. एका लग्नात एक ओळखीची बाई माझ्याशी बराच वेळ बोलत होती. मी दर वाक्याला हसून "हो, हो" करत होते. तिचा चेहरा बदलला, ती उठून गेली. नंतर नवऱ्यानं लिहून दाखवलं, की ती तिच्या गेलेल्या मुलाबद्दल सांगत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले आणि तिचे पाय धरले. त्यानंतर मी कधी न कळता हसले नाही. 'पुन्हा सांगा' म्हणायला लाज वाटते ती क्षणभराची असते.

आणि हात लपवू नकोस. हे माझ्या पिढीचं दुखणं आहे. आमच्या शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. ती पट्टी फार लांबून आली होती. १८८० साली इटलीतल्या मिलानमध्ये शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, आणि त्यांनी ठरवलं की बधिर मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणांनी नाही. त्याबद्दलचा खेद त्याच परिषदेनं व्हँकुव्हरला व्यक्त केला तो २०१० साली. तोवर आमचे हात पदराखाली जायला शिकले होते. आज भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी कोशात १०,००० हून जास्त शब्द आहेत. रविवारी एखादी बहिरी मैत्रीण बरोबर ने, आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहून दोघी मनसोक्त बोला. लोक बघतील. बघू देत.

आता माझं मन उडालं तो प्रसंग सांगते. १९८१ सालचा. माझ्या भावाला पहिला मुलगा झाला. मी सख्खी आत्या. बाराव्या दिवशी बारसं. तेव्हा मशीन म्हणजे छातीवर खिशात ठेवायची पेटी आणि कानापर्यंत वायर. बाळाच्या नावात 'ष' होता आणि माझा 'ष' नीट उमटत नसे. आठ-दहा दिवस मी आरशासमोर गळ्यावर हात ठेवून तेच नाव म्हणत होते. गळ्याची थरथर शाळेत शिकवली होती तशी बोटांनी तपासत होते. आदल्या संध्याकाळी आई आली आणि सावकाश, ओठ मोठे करून म्हणाली, "नाव चुलत बहीण सांगेल. तू पाळण्याजवळ उभी राहा हं." पाहुण्यांपुढे उच्चार चुकायला नको, असं मोठ्या बायकांनी ठरवलं होतं.

सकाळी मी ताप आलाय असं सांगितलं आणि गेले नाही. वर तुला लिहिलं ना, खोटं कारण देऊ नकोस? ते या तापावरून. आईला तो ताप शेवटपर्यंत खराच वाटला. फोटोत चुलत बहीण पाळण्यावर वाकलेली दिसते. भाचा आता पंचेचाळिशीला आला, दर भाऊबीजेला बायको-मुलांना घेऊन येतो, आत्या म्हणून वाकून नमस्कार करतो. त्याच्या कानाशी पहिला श्वास माझा असायला हवा होता. मी भांडले असते तर कदाचित झालंही असतं. भांडले नाही.

तुझ्या भावाच्या मुलीला आत्या एकच आहे. हॉलमधल्या दीडशे माणसांत त्या जागी दुसरं कुणी चालणार नाही.

तर आज रात्रीच भावाला लिही, की नाव मीच सांगणार. बुधवारपर्यंत नाव लिहून मागव; गुरुवारी लोकलमध्ये माझ्या समोर पंधरा वेळा म्हण, मी तुझ्या गळ्यावर हात ठेवीन. उच्चार थोडा वाकडा आला तर येऊ दे, बारा दिवसांचं बाळ 'ष' तपासत नाही. भावाला म्हणावं, त्या दहा मिनिटांपुरता स्पीकर बंद आणि पाळण्यावर चांगला उजेड. जमलं तर तिला खुणेचं नावही दे, तिचा चेहरा नीट बघून. गालाला खळी असेल तर खळीवरून. ते नाव तिला दुसरं कुणी देऊ शकणार नाही.

सकाळी मशीनला नवा सेल घाल. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांब, मग बसव, म्हणजे पूर्ण चालतो. आणि पाळण्यावर वाकायच्या आधी मशीन काढून पर्समध्ये ठेव. कापडाजवळ गेलं की ते शिट्टी मारतं, बाळ दचकेल. त्या क्षणी तुला काही ऐकायचं नसतंच. वेणी पाठीवर टाक, तोंड तिच्या कानाशी ने, नाव सांग, आणि कुर्रर्र कर. मागच्या बायका पाठीत धपाटे घालतील. नाव पोचलं, हे तुला त्यावरून कळेल.