पेसमेकर बसवल्यावर कबड्डी : मैदानावर परतण्याची कृती

‘खेळू का?’ असं मोघम विचारलं की डॉक्टरांकडून उत्तरही मोघमच मिळतं, ‘जपून.’ विशीतल्या कबड्डीपटूला या ‘जपून’चा काडीचा उपयोग नसतो. तेव्हा प्रश्नाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा क्रमाने सोडवायचा. क्रम बदलू नका. पुष्कळ जण छातीवरचं पॅड विकत घेण्यापासून सुरुवात करतात, ते काम खरं तर बरंच नंतरचं आहे.

आधी पाकिटातलं पेसमेकरचं कार्ड काढा आणि यंत्र नेमकं कोणतं ते वाचा. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन 2021च्या युरो स्पर्धेत मैदानावर कोसळला आणि पुढच्याच वर्षी ब्रेंटफर्डकडून खेळला, हे उदाहरण घरोघरी दिलं जातं. त्याच्या छातीत आहे तो आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास झटका देणारं यंत्र. पेसमेकर मंद झालेल्या हृदयाला ठोके पुरवतो. आजार वेगळा, धोका वेगळा. त्याचं उदाहरण तुमच्या बाजूने वापरू नका, आईवडिलांनीही तुमच्या विरोधात वापरू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पुढच्या चेकिंगला डॉक्टरांना विचारा, ‘यंत्र या क्षणी बंद पडलं तर माझं हृदय स्वतःचं किती चालेल?’ त्यासाठी मशीनवरून पेसमेकरचा वेग थोडा वेळ खाली आणतात आणि खाली हृदयाची स्वतःची लय उमटते का, किती उमटते, ते पाहतात. काहींचं हृदय आरामात चालत राहतं, यंत्र फक्त अधूनमधून मदतीला येतं. काहींच्या बाबतीत पडद्यावर जवळजवळ काहीच उमटत नाही. जन्मजात हार्ट ब्लॉक असलेल्या किंवा लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवताना ब्लॉक झालेल्या मुलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे नुसत्या निदानावरून अंदाज बांधू नका.

हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून असेल, तर कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग, रग्बी हे खेळ सोडा. युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, आणि मला त्यात पळवाट दिसत नाही. धावा, पंच व्हा. खो-खो खेळायचा तर सूर मारणं वगळून खेळावा लागेल आणि छाती-काखेत लाकूड आवळायला लावणारा मल्लखांब नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तरीही धक्काबुक्कीचा खेळ बंद. हृदयाच्या रचनेत दोष उरला असेल, तर त्याचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

हृदय स्वतःच्या बळावर चालत असेल, तर पुढे वाचा. धोका संपला असं नव्हे. तो समजून-उमजून पत्करण्याची मुभा आहे, एवढंच.

मार नेमका कुठे बसतो ते पाहा. यंत्र बहुधा डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या लगेच आत असतं. त्याचं धातूचं कवच चिवट असतं. नाजूक असते ती लीड, म्हणजे शिरेतून हृदयात उतरलेली तार. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमटीत ती पुनःपुन्हा दबली की आतून तुटू शकते, आणि त्यासाठी धक्काच लागतो असं नाही. चढाईत स्पर्शासाठी ताणलेला हात बचावपटूंनी ओढला, किंवा जिममध्ये डोक्यावर वजनं उचलली, तरी तिच्यावर ताण येतो. डॅश थेट छातीवर येतो. घोटा पकडायला झेपावलेला कोपरारक्षक स्वतःच मॅटवर छाती आपटतो. ज्या खांद्याखाली यंत्र आहे त्याच खांद्याने डॅश मारायची सवय असेल, तर ती मोडा, नाहीतर जागा बदला.

यंत्र अजून बसायचं असेल, तर डॉक्टरांना आताच सांगा की मी कबड्डी खेळतो. कमी वापराच्या हाताची बाजू निवडणं, यंत्र छातीच्या स्नायूखाली बसवणं, हे पर्याय तेव्हाच हातात असतात. कॅप्सूलएवढा, बिनतारेचा पेसमेकरही आहे, पण तो प्रत्येक आजाराला चालत नाही आणि पुढची पन्नास वर्षं काढायची असलेल्या माणसाला तो द्यावा का, यावर डॉक्टर बराच विचार करतात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण 4 ते 6 आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नेऊ नका. मात्र हात गळ्यात बांधूनही बसू नका, खांदा आखडतो. अंगाला अंग भिडवायचं ते लीड पक्की रुजल्यावर, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेनंतरच.

मग ट्रेडमिल टेस्ट. यंत्राच्या वेगाला वरची मर्यादा ठरवलेली असते. ती 130 असेल आणि चढाईत हृदयाचे वरचे कप्पे 160च्या गतीने धडधडू लागले, तर यंत्र काही ठोके गाळतं. ऐन निदान रेषेपाशी पाय लोळागोळा होतात आणि प्रशिक्षकाला वाटतं, पोराचा दम कमी पडतोय. मर्यादा वाढवता येते. चढाई 30 सेकंदांची, स्फोटासारखी असते, म्हणून टेस्टच्या वेळी थोडं झपाट्याने पळूनही दाखवा.

पॅडची पाळी आत्ता आली. बाहेरून टणक आणि घुमटाकार, आतून मऊ असं पॅड घ्या, म्हणजे मार यंत्रावर न बसता आजूबाजूच्या बरगड्यांवर वाटला जातो. टणक कवच समोरच्यालाही लागू शकतं, तेव्हा ते चालेल का हे पंचांना सामन्याआधी विचारा. पॅडने लीडवरचा ताण कमी होत नाही, हे ध्यानात असू द्या.

सराव टप्प्याने वाढवा. आधी एकट्याने पदलालित्य आणि बोनसचा सराव, मग एकाच बचावपटूसमोर, डॅश वगळून. साखळी आणि पूर्ण सामना सगळ्यात शेवटी. पहिले काही सामने झाल्यावर, आणि छातीवर जोराचा मार बसल्यास लगेच, चेकिंग करून घ्या.

संघातल्या निदान दोघांना यंत्राबद्दल माहीत असू द्या. तुम्ही बेशुद्ध पडलात आणि श्वास नीट चालत नसेल, तर त्यांनी 108 ला फोन लावून छाती दाबायला सुरुवात करायची, पेसमेकर आहे म्हणून थांबायचं नाही. एईडी, म्हणजे बाहेरून झटका देणारं यंत्र, मिळालं, तर त्याची पट्टी पेसमेकरच्या यंत्रापासून चार बोटं दूर चिकटवायची.

भोवळ, न थांबणारी उचकी, छातीचा स्नायू आपोआप उडणं, यंत्रावरची कातडी लाल होणं, त्या बाजूचा हात सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर गाठा.

काही वर्षांनी बॅटरी संपते आणि यंत्र बदलावं लागतं. तेव्हा तार बहुधा जुनीच ठेवतात, म्हणून जखम भरल्यावर तारेची तपासणी आणि ‘बंद पडलं तर?’ हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. मधल्या वर्षांत उत्तर बदललेलं असू शकतं.