परसबागेतील तीन सुवासिक बहुवर्षायू वनस्पती

भिवंडी तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने पाण्याचा सुकाळ असतो; उरलेले आठ महिने परसबाग विहिरीच्या किंवा घरच्या सांडपाण्यावर जगवावी लागते. हौसेने लावलेली सुवासिक झाडे दुसऱ्या वर्षी नाहीशी होतात, याचे कारण बहुधा जागेची चुकीची निवड हे असते. एकदा लावली असता अनेक वर्षे टिकणाऱ्या, परंतु परसात क्वचितच आढळणाऱ्या तीन वनस्पतींची माहिती येथे दिली आहे. तिन्हींची पाण्याची गरज भिन्न आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

सोनटक्का.— यास बारमाही ओल व थोडी सावली मानवते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी जेथे मुरते, ती जागा योग्य होय. साबणाचे किंवा कापड रंगविण्याचे पाणी देऊ नये. पावसाच्या प्रारंभी एक-दोन डोळे असलेले गड्ड्याचे तुकडे सुमारे 5 सें. मी. खोल लावावेत. पांढरी फुले पावसाळ्यात सायंकाळी उमलतात. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापावा. जादा गड्डे ओढ्यात टाकू नयेत. हवाई बेटांत ही वनस्पती माजून उपद्रवी तण ठरली आहे.

भुईचाफा.— याची रीत उलट आहे. पावसाळा सरल्यावर पाने वाळतात व कंद जमिनीत विश्रांती घेतो. या काळात पाणी दिल्यास कंद कुजतो. उन्हाळ्यात पानांच्या आधी सुवासिक फुले थेट जमिनीतून वर येतात. मधल्या काळात जागा रिकामी भासून तेथे कुदळ चालविली जाते व कंद नष्ट होतात. म्हणून सभोवती दगडांची कड अवश्य घालावी.

वाळा.— परसाच्या उतारावर पावसाच्या आरंभी ठोंब ओळीने लावावेत. मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. ही सुगंधी मुळे सुमारे 15 ते 18 महिन्यांनी काढण्याजोगी होतात. ती स्वच्छ धुऊन सावलीत सुकवावीत व पिण्याच्या पाण्याच्या माठात घालावीत. मात्र मुळांसाठी उतारावरील ओळ खणल्यास तेथील माती पुढील पावसात वाहून जाईल. त्याकरिता सपाट जागी भुसभुशीत मातीचा उंच वाफा निराळा राखावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे देण्यापूर्वी प्रत्येक परसात पाणी कोठे मुरते, कोठे आटते व कोठून वाहते, हे शेतकरी कुटुंबासह पाहावे. त्यानुसार वनस्पती निवडल्यास लागवडीचे श्रम वाया जाणार नाहीत, आणि पुढे वाढलेले गड्डे, कंद व ठोंब शेजाऱ्यांसही देता येतील.