डेथ : एका वाद्यवृंदाची वाटचाल

‘डेथ मेटल’ हें नांव कानीं पडतांच पालकांच्या कपाळास आठ्या पडतात, व यांत त्यांचा फारसा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. गायक गात नाहीं, गुरगुरतो; शब्द कळत नाहींत; आणि वाद्यांचा असा कल्लोळ होतो कीं, त्यांत संगीत कोठें आहे हेंच प्रथम उमगत नाहीं. तथापि या प्रकाराच्या आद्य प्रवर्तकांपैकीं ‘डेथ’ या वाद्यवृंदाचा इतिहास पालकांनींही वाचण्याजोगा आहे.

त्याचा संस्थापक चक शुल्डिनर १९६७ सालीं अमेरिकेंत जन्मला व फ्लॉरिडांत वाढला. तो नऊ वर्षांचा असतां त्याचा सोळा वर्षांचा वडील भाऊ मोटार-अपघातांत वारला. मुलाचें दुःख हलकें व्हावें म्हणून आईबापांनीं त्यास गिटार आणून दिली. शिकवणी त्यास रुचली नाहीं व ती लवकरच सुटली; गिटार मात्र सुटली नाहीं. १९८३ सालीं दोन सोबत्यांसह त्यानें ‘मँटास’ नांवाचा संच उभारला, व पुढील वर्षीं त्याचेंच नांव ‘डेथ’, म्हणजे मृत्यु, असें ठेविलें.

१९८७ सालच्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’ या पहिल्या तबकडींत ढोलांखेरीज सर्व वाद्यें व गायन त्याचेंच आहे. विषय भीतिपटांतील प्रेतांचे व रक्तपाताचे. त्यांचें कौतुक आम्हांस करवत नाहीं. परंतु ‘लेप्रसी’ (१९८८) मध्यें कुष्ठरोग्याची दैना आहे, आणि यंत्रांच्या साह्यानें जिवंत ठेविलेल्या रोग्याचें गाऱ्हाणें आहे. मुलगा माणसांकडे पाहूं लागला होता.

१९९० सालीं युरोपच्या दौऱ्याची व्यवस्था अपुरी आहे असें म्हणून तो घरीं राहिला. सोबती त्याच्यावांचूनच गेले. कोणाचें चुकलें हें ठरविणें आमचें काम नव्हे. यानंतर मात्र कायमचा संच ठेवण्याचा नाद त्यानें सोडला, व प्रत्येक तबकडीसाठीं जाणते वादक निवडूं लागला.

याचें फळ म्हणजे १९९१ ची ‘ह्यूमन’. ‘सिनिक’ या संचांतील शॉन रायनर्ट व पॉल मास्विडाल हे विशीचे तरुण तींत वाजवितात. ढोलकरी दोन्ही पायांनीं खालचा मोठा ढोल अखंड घुमवीत असतां हात निराळ्याच हिशेबानें चालतात. ताल एकाच गाण्यांत पुन्हा पुन्हा पालटतो, आणि तरी सर्वजण समेवर यावे तसे एकत्र येतात. विद्यार्थ्यांनीं टाळी देऊन मात्रा मोजून पाहाव्या. आम्हीं दोनदां चुकलों. ‘कॉस्मिक सी’ हें तर केवळ वाद्यांचें आहे. ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ (१९९३) मध्यें स्टीव्ह डी जॉर्जिओ पडदे नसलेली बास गिटार वाजवितो. सरोदाप्रमाणें तींतून मींड निघते. ‘सिंबॉलिक’ (१९९५) अधिक सुरेल आहे, व आमच्या मतें नवख्या श्रोत्यानें तेथूनच आरंभ करावा. ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ (१९९८) ही शेवटची.

१९९९ सालीं चकच्या मेंदूंत गांठ असल्याचें कळलें. जानेवारी २००० मध्यें शस्त्रक्रिया झाली. उपचाराचा खर्च झेपेना, तेव्हां अनेक वादकांनीं व श्रोत्यांनीं त्याच्यासाठीं पैसा जमविला. आजार उलटला, व १३ डिसेंबर २००१ रोजीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, तो वारला. ‘कंट्रोल डिनाइड’ या नव्या संचांत त्यानें गुरगुर सोडून दुसऱ्या एका गायकाच्या मोकळ्या गळ्यास जागा दिली होती. त्या संचाची पहिली तबकडी १९९९ सालीं निघाली. दुसरी त्याच्या हातून पुरी झाली नाहीं.