जुन्या ऑक्टेव्हियाला टर्बो निवडताना : भाच्यासाठी मामाचे कानमंत्र

भाचेबुवा, जुनी ऑक्टेव्हिया आरएस घेतलीस, छान केलंस. गाडी आपल्याच मुलखातली आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून ऑक्टेव्हिया जोडली जाऊ लागली आणि २००४मध्ये आरएस आली, १.८ लिटरचं, १५० हॉर्सपॉवरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन. आता तिनं विशी गाठलीय आणि तुला तिच्यात मोठा टर्बो टाकायचाय. टाक की! पण पैसे मोजण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे.

१. गाडी कुठं पळणार ते आधी ठरव – तलवाडा-गेवराई रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागं टाकायला दोन-अडीच हजार आरपीएमला जोर लागतो, आणि फार मोठा टर्बो त्या वेळी अजून डोळे चोळत असतो.

२. काम भागेल असा सगळ्यात लहान टर्बो निवड – लहान चाक लवकर फिरतं, हवा लवकर भरते आणि गाडी पायाखाली लगेच उचलते.

३. मूळच्या के०३ नंतरची शहाणी पायरी म्हणजे के०३ स्पोर्ट – युरोपातल्या याच पिढीच्या आरएसला १८० हॉर्सपॉवर होती, तेव्हा एवढा भार हे इंजिन कुरकुर न करता पेलतं.

४. के०४ ची हौस असेल तर इंजेक्टर, क्लच आणि कनेक्टिंग रॉड यांचाही खर्च आधीच मांडून ठेव – टर्बो एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो.

५. त्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे – एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल, तर तो पैसा आधी इंजिनाला लागणार आहे.

६. हवेचे रबरी पाइप, क्लिपा आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह तपास. पाइपांत दाब भरून सांध्यांवर साबणाचं पाणी सोड – वीस वर्षांचं रबर तडकतं, आणि ‘टर्बो थकला’ म्हणतात त्यातली बरीच तक्रार चिरलेल्या पाइपाचीच असते.

७. जुना टर्बो बाद ठरवण्याआधी इंजिन गार असताना हवेच्या बाजूचा पाइप काढ आणि दांडा दोन बोटांत धरून हलव – आडवा किंचित हलला तर चालतं, पण मागंपुढं सरकत असेल किंवा पाती घराला घासलेली दिसली, तर त्याचे दिवस भरले समज.

८. नवा टर्बो बसवण्याआधी चेंबर उतरवून ऑइल ओढणारी जाळी साफ करून घे आणि टर्बोला ऑइल नेणारी नळी नवीच घाल – या इंजिनात ऑइलचा चिखल साचायची खोड आहे, आणि तुंबलेली जाळी नव्या टर्बोलाही जुन्याच वाटेनं नेते.

९. पहिल्यांदा चालू करताना टर्बोत थोडं ऑइल ओत, इंजेक्टरचे प्लग काढ आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मार – टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, कोरडा फिरला तर बेअरिंग जागीच जातं.

१०. फुल सिंथेटिक ऑइल घाल आणि कंपनीनं सांगितलंय त्याच्या आधीच बदल – ऑइलची कंजुषी, टर्बोला फाशी.

११. लांबून पळवत आणलीस तर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश ये, नाहीतर दारात मिनिटभर चालू ठेव – तापलेल्या टर्बोतलं ऑइल थांबलं की तिथंच जळून काजळी धरतं.

१२. उघडा फिल्टर लावायचा मोह टाळ. मूळ डबा ठेव आणि कापूस-ऊस निघायच्या दिवसांत फिल्टर वरचेवर बघ – काळ्या मातीची धूळ सँडपेपरसारखी पाती झिजवते.

१३. मडगार्डमागचा तो छोटा इंटरकूलर आधी सुधारून घे, मग बूस्ट वाढव – आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, आणि गरम हवेनं ताकद कमी होऊन नॉकिंग वाढतं.

१४. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यूनिंग केलंस तर टाकीत तेच घाल, आणि ट्यूनिंग करणाऱ्याला इंधन-हवेचं माप प्रत्यक्ष दाखवायला लाव – पेट्रोल कमी पडलं की पिस्टन वितळतो, आणि तो आधी सांगून वितळत नाही.

१५. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन टर्बोच्या आधी – थांबता येतं, त्यानंच पळावं.

१६. टर्बोच्या पट्टीवरचा नंबर जुळवूनच पक्कं बिल घे; दुरुस्त केलेला असेल तर बॅलन्सिंगचा कागद माग – बॅलन्स चुकलेला दांडा सुरुवातीला नुसती शिट्टी मारतो आणि पुढं इंजिनात लोखंड सोडतो.

१७. काम धरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचार – मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नं बदलांना मर्यादा घातल्यात, सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलंय, आणि न सांगितलेला बदल दाव्याच्या दिवशी आडवा येतो.

१८. काढलेला टर्बो भंगारात देऊ नकोस. तोंडं बंद करून, फडक्यात गुंडाळून ठेव – उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर हाच शोधत फिरशील.

१९. एक वही कर: ऑइल कधी बदललं, बूस्ट किती, कॉम्प्रेशन किती, सगळं तारखेनिशी लिही – नव्या मेकॅनिकला तुझ्या आठवणीपेक्षा वहीचा जास्त उपयोग.

तेव्हा क्रम असा ठेव: आधी ब्रेक, मग पाइप, मग ऑइल, मग कागद. एवढं करेपर्यंतच गाडी इतकी मोकळी पळायला लागेल की मोठ्या टर्बोची घाई आपोआप उतरेल. तरी हौस राहिलीच, तर वही घेऊन तलवाड्याला ये. त्वरितादेवीचं दर्शन घेऊ, मामीच्या हातची भाकरी खाऊ, आणि आकडे समोर ठेवून कोणता टर्बो घ्यायचा ते दोघं मिळून ठरवू.