खातं कुणाचं, पैसा कुणाचा

नोकरीसाठी आधी पैसे मागणारा माणूस लबाड असतो, हे आता गावोगाव माहीत झालंय. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचा खर्च असं काही निघालं की शहाणी पोरं फोन ठेवून देतात. पण जिथे एक रुपया भरायचा नाही, उलट आपल्याच खात्यात पैसे येणार, त्या नोकरीचा संशय कुणालाच येत नाही. बँकेत असताना माझ्यासमोर रडकुंडीला आलेली बरीच मंडळी या दुसऱ्या नोकरीतली होती.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आईला घेऊन आला. "मॅडम, गुगल पे चालंना." खातं उघडून पाहिलं, तर डेबिट फ्रीझ. शेऱ्यात सायबर तक्रारीचा क्रमांक आणि परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याचं नाव. मुलगा ते वाचून गप्पच झाला. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, तिची अडचण वेगळी होती. डेअरीचं दहा दिवसांचं बिल पोराच्या खात्यावर जमा व्हायचं आणि पेंडवाला उधारीसाठी दारात येत होता. "अहो ताई, ते राहू द्या, पण माझ्या दुधाचं पैसं तरी द्या की!" ते देणं माझ्या हातात नव्हतं. गोठवलेलं खातं शाखा आपल्या मर्जीने मोकळं करू शकत नाही. ज्या पोलिसांनी ते थांबवायला सांगितलं, त्यांचंच पत्र लागतं.

मुलाला टेलिग्रामवर 'पेमेंट एजंट'ची नोकरी लागली होती. शिक्क्याचं ऑफर लेटर होतं, एम्प्लॉयी कोडही होता. कंपनीचे 'ग्राहक' खात्यावर पैसे टाकणार, याने दोन टक्के ठेवून बाकीचे सांगतील त्या यूपीआयवर पाठवायचे. कमिशन वेळच्या वेळी मिळत होतं, त्यामुळे घरच्यांनाही पोरगं मार्गी लागल्यासारखं वाटलं.

हे ग्राहक म्हणजे बहुतेक वेळा लुबाडलेली माणसं असतात. कुणी बनावट ट्रेडिंग ॲपमध्ये पुंजी घातलेली, कुणी 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने एफडी मोडलेली. त्यांतलं कुणी भानावर येऊन १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग सुरू होतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये उभ्या केलेल्या यंत्रणेतून ती तक्रार बँकांपर्यंत जाते. पैसा पहिल्यांदा ज्या खात्यात पडला तो पहिला थर, तिथून पुढे गेला तो दुसरा, मग तिसरा. शेवटी कुठेतरी एटीएममधून रोकड निघते नाहीतर पैशाचं क्रिप्टो होतं. या सगळ्या साखळीत चोराचं नाव कुठेच नसतं. पॅन, आधार, फोटो, सही, सगळं आपल्या पोराचं. पोलीस आधी त्याच्याच दारात येणार, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. ज्याची जन्माची कमाई गेली, त्याच्या स्टेटमेंटवर याचंच नाव छापलेलं असतं.

"मला माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही. भारतीय न्याय संहितेचं ३१८ हे फसवणुकीचं कलम आणि आयटी कायद्याचं ६६ ड लागू शकतं. निर्दोष ठरलात तरी तोवर वकील आणि परराज्यातल्या खेपा कुणाला चुकत नाहीत.

या धंद्याला आता आणखी फांद्या फुटल्यात. कॉलेजच्या पोरांकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम महिन्याच्या भाड्याने घेतात. तुमच्या नावावर उद्यम नोंदणी करून 'अमुक ट्रेडर्स'चं चालू खातं उघडायला लावतात, कारण त्यात मोठ्या रकमा फिरवता येतात. काही ठिकाणी 'कंपनीचं ॲप' म्हणून एपीके फाइल पाठवतात, ती तुमचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली तयार केली आहे. तेव्हा "छोट्या खात्याकडे कोण बघतंय" या भ्रमात कुणी राहू नये.

म्हणून विचारायला येणाऱ्या पोरांना मी एकच प्रश्न करते. ज्या कंपनीकडे ग्राहक आहेत, तिला स्वतःचं खातं नाही का? नोकरीत पगार आपल्या खात्यावर येतो, कंपनीची वसुली येत नाही. मग हुद्दा 'अकाउंट्स असिस्टंट' असो की 'पेमेंट प्रोसेसर'. कंपनीचं नाव खरं आहे एवढ्यावरही विसंबू नका, ही टोळी खऱ्याच कंपन्यांची नावं वापरते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन लावा, ऑफर लेटरवरच्या नंबरवर नको.

पैसे येऊन गेले असतील तर चॅट पुसू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे मेसेज उडवू शकतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच शिक्क्यासकट घ्या. १९३० वर आपणहून कळवा. कार्ड किंवा सिम दिलं असेल तर दोन्ही त्याच दिवशी बंद करा. खातं गोठलंच, तर वादातली रक्कम किती ते बँकेकडून लिहून घ्या आणि तेवढीच अडवून बाकीचं खातं मोकळं करावं, असा अर्ज त्या पोलीस ठाण्याला पाठवा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत गोठवणूक वादातल्या रकमेपुरती ठेवायला सांगितलं होतं. आमच्या त्या मुलानेही असा अर्ज केला. बऱ्याच पत्रापत्रीनंतर वादातली रक्कम तेवढी अडकून राहिली आणि दुधाचं बिल सुटलं.

आणखी एक. नोकरीबिकरी काही नसताना अनोळखी रक्कम जमा होते आणि लगेच फोन येतो, "चुकून तुमच्या खात्यावर आले, या नंबरवर परत पाठवा ना." माणूस गयावया करत असला तरी त्या नंबरवर पाठवू नका, ती रक्कम खर्चूही नका. त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि तुम्ही तुमच्या शाखेत अर्ज द्या. पैसे जिथून आले त्याच खात्यात परत पाठवायचं काम बँक करेल.